परसातली पिचकारी आम्ही उभी वाळवली

आमच्या कोल्हापूरच्या घरामागे पिचकारीचं एक मोठं झाड होतं. नर्सरीवाले त्याला स्पॅथोडिया म्हणतात. मूळचं ते आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, शोभेसाठी आपल्याकडे आलेलं. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा हौसेने लावलं होतं. फुलायला लागलं की सगळा माथा शेंदरी-लाल व्हायचा आणि गल्लीतली पोरं पाण्याने भरलेल्या कळ्या दाबून एकमेकांच्या तोंडावर चिळकांड्या उडवायची. दिसायला ते झाड देखणंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्याने परस खाल्लं. लाकूड हलकं आणि ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या पहिल्याच वाऱ्याला फांद्या कडाडून मोडायच्या. पातळ पंखांच्या बिया वाऱ्यावर उडून शेजाऱ्यांच्या कुंड्यांतसुद्धा उगवायच्या. मुळांतून फुटवे तर इतके यायचे की अळू, कढीपत्ता, जास्वंद काहीही लावलं तरी चार महिन्यांत त्यात पिचकारीच दिसायची. जगातल्या अति उपद्रवी अशा १०० परक्या प्रजातींची यादी आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली आहे, तिच्यात हे झाड आहे, हे मला नंतर कळलं. त्याआधी एक गोष्ट मी स्वतः बघत होते. खाली पडलेली फुलं झाडताना त्यांच्या पेल्यात बारीक काळ्या मधमाश्या मरून पडलेल्या असायच्या. एखाददुसरी नाही, बऱ्याच फुलांत. ब्राझीलमधल्या अभ्यासकांनीही या फुलांत असेच मेलेले किडे नोंदवले आहेत. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या त्याच फुलांवर येऊन पोटभर पीत होत्या हेही खरं आहे आणि झाड काढताना त्याची चुटपुट मला लागलीच.

झाड काढायचं यावर घरात एकमत होतं. कसं काढायचं, यावर नव्हतं.

त्याच सुमाराला जवळच्या एका आवारात शेवग्याची वाळलेली फांदी ‘साफसफाई’ म्हणून उतरवली गेली. त्या फांदीच्या पोटाला तांबट पक्ष्याचं भोक होतं. जोडी कित्येक दिवस तिथे आत-बाहेर करत होती, मी गच्चीवरून बघत होते. फांदी गेल्यावर दोघं जवळच्या तारेवर बराच वेळ बसून होती.

तांबट आपल्या सगळ्या शहरांत आहे. उन्हाळ्यात त्याचं टुक टुक टुक दुपारभर चालू असतं, पण तो घर कसं करतो हे फारसं कुणी बघत नाही. नर-मादी दोघंही चोचीने लाकूड कोरून भोक करतात, तेही बहुतेक फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. त्याची चोच सुतारपक्ष्याइतकी बळकट नाही. जिवंत, टणक लाकूड त्याला कोरता येत नाही, त्याला वाळलेलं, थोडं कुजायला लागलेलं लाकूडच लागतं. विणीपुरतंच नाही, एरवी रात्री झोपायलाही तो अशीच भोकं वापरतो. आणि त्याने किंवा सुताराने सोडलेली भोकं मग ज्यांना कोरताच येत नाही त्यांच्या उपयोगी पडतात. दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली रानचिमणी, सगळ्यांना आयती ढोली लागते. जंगलात वठलेली झाडं उभी असतात, देवराईत तर पडलेली काटकीही कुणी उचलत नाही. शहरात मात्र फांदी वाळली की आठवड्याच्या आत ती खाली येते. आपण झाडं लावतो, पाण्याची वाटी ठेवतो, लाकडी घरटी टांगतो आणि पक्ष्यांना स्वतःला कोरता येईल असं लाकूड तेवढं शिल्लक ठेवत नाही. मला हे फार लागलं.

अमेरिकेच्या वायव्य भागात परसातलं नको असलेलं झाड मुळापासून न काढता उंची कमी करून, वाळवून उभं ठेवण्याची रीत आहे. वॉशिंग्टन राज्याचं वन्यजीव खातं लोकांना तसं मार्गदर्शनही करतं. तिथली झाडं वेगळी, पक्षी वेगळे. पण पिचकारीचं लाकूड मऊ असतं आणि तिच्या मूळ देशातसुद्धा तांबटाच्या जातीचे पक्षी भोकं करायला हे झाड पसंत करतात, हे वाचल्यावर माझं ठरलं. झाड मारायचं, पण पाडायचं नाही.

सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. “अगं, वठलेलं झाड दारात ठेवतं का कुणी? पाडायचं तर पाडून मोकळी हो.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. दारातलं वठलेलं झाड अशुभ मानायची आपल्याकडे रीत आहे आणि त्यामागे ते कुणाच्या अंगावर पडेल ही खरी भीतीही आहे. अशुभाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. भीतीचं होतं. झाड घरापासून, विहिरीपासून आणि दोन्ही भिंतींपासून किती लांब आहे ते नवऱ्याने आणि मी टेपने मोजलं. सगळ्यांत जवळची मागची भिंत अठरा फुटांवर होती. मग ठरवलं की खोड पंधरा फुटांच्या वर ठेवायचं नाही, म्हणजे उद्या ते मुळापासून उलटलं तरी आमच्याच अळवात पडेल. हे गणित कागदावर काढून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “कर काय करायचं ते, पण पोरांना त्याच्याखाली खेळू देऊ नको.” तिथे कुंपण घालायचं तेव्हाच ठरलं.

परवानगी लागते हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ नुसतं करवतीने कापणं एवढाच नाही. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. म्हणजे साल काढून झाड वाळवणं हेसुद्धा तोडणंच. झाड आपल्या आवारात आहे, आपणच लावलेलं आहे, याने काही फरक पडत नाही. मी अर्जात सगळं खरं लिहिलं: परकं झाड आहे, फांद्या मोडतात, उंची कमी करून खोड पक्ष्यांसाठी उभं ठेवायचं आहे. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी अर्ज पुन्हा वाचला आणि विचारलं, “मॅडम, लोक वाळलेलं झाड काढायला अर्ज करतात. तुम्ही वाळवायला करताय?” मी त्यांना शेवग्याच्या फांदीची हकीकत सांगितली. त्यांनी अंतरं स्वतः मोजून बघितली. मग झाडावर नोटीस लागली, हरकतींची मुदत गेली, आणि बदल्यात नवी झाडं लावायच्या अटीवर परवानगी मिळाली. आम्ही उंबर आणि भोकर लावले. तांबटाला फळं लागतात, उंबरासारखी तर फार आवडतात, त्यामुळे ही अट मला हवीच होती.

आता मुख्य काम. माझं माहेर तासगावकडचं, भावाची द्राक्षबाग आहे. साल काढून झाड मारायचं म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, “ताई, हे तर आमचं गर्डलिंग!” द्राक्षाच्या मण्यांना फुगवण यावी म्हणून वेलीच्या खोडावरची सालीची बारीक चकती काढतात, काही मिलिमीटरचीच. पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली मुळांकडे जाते. चकती काढली की ती वाट तुटते, साखर वरच राहते आणि मण्यांना मिळते. काही आठवड्यांत जखम भरून येते आणि वेल पूर्ववत होते. “भरून येऊ द्यायचं नसेल तर चकती रुंद काढ आणि आतलं ओलं सगळं खरवड,” एवढं त्याने सांगितलं आणि मला सगळी क्रिया समजली. पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून, म्हणून साल काढली तरी पानं लगेच सुकत नाहीत. उपाशी मुळं राहतात. मुळांतला साठा संपला की झाड संपतं. ब्रह्मदेशात सागवानाची हीच तऱ्हा होती. ओलं सागवान पाण्यावर तरंगत नाही, म्हणून ते आधी साल आणि खालचं लाकूड कापून दोन-तीन वर्षं उभं वाळवायचे आणि मग तोडून नदीत सोडायचे.

माझा बेत असा होता की आधी साल काढावी, झाड पूर्ण वाळू द्यावं आणि मग वरचा भाग उतरवावा. माथ्यावरची पानं शाबूत राहिली की खाली मुळांचा साठा लवकर रिता होईल, असा विचार. पण झाडावर चढणारे मामा, आमच्या भागात नारळ उतरवायलाही तेच येतात, त्यांनी वर बघून सरळ मान हलवली. “वैनी, ह्ये वाळल्यावर मी काय चढणार न्हाय. वल्लं हाय तवर पाय धरतंय. वाळल्यालं कुठनं तुटंल, सांगता येत न्हाय.” त्यांचं बरोबर होतं. वाळलेल्या ठिसूळ झाडावर माणूस चढवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. म्हणून आधी उंची कमी केली, पण सगळी पानं काढली नाहीत. खालच्या तीन फांद्या पानांसकट ठेवल्या आणि साल त्यांच्या खाली काढली.

चढण्याआधी मामांनी आणि मी मिळून सगळ्या फांद्या निरखून घेतल्या. कुणाचं घरटं चालू असतं तर काम पुढे ढकललं असतं. एक जुनं कावळ्याचं घरटं सापडलं, रिकामं. मग दोरखंड बांधून एकेक फांदी हळूहळू खाली सोडली. शेंड्याला करवतीने सपाट न कापता मामांना मी विनंती केली की खोडाचा वरचा भाग अर्धवट कापून दोरीने ओढून मोडा, म्हणजे तोंड फाटकं, खडबडीत राहील. सपाट कापलेल्या तोंडावरून पाणी निथळून जातं. फाटलेल्यात मुरतं, तिथे बुरशी धरते आणि लाकूड आतून मऊ व्हायला सुरुवात होते. बाजूच्या काही फांद्यांची हात-दीड हात लांबीची थोटकं ठेवली, तांबटाला खालून कोरता येतील अशी जरा तिरपी.

साल काढायला आम्ही वळीव पडून गेल्यानंतरचे दिवस निवडले, कारण तेव्हा झाडात रस खेळत असतो आणि साल सहज सुटते. खोडावर कमरेइतक्या उंचीला कोयत्याने एक गोल चीर घेतली, तिच्याखाली वीतभर अंतरावर दुसरी, आणि मधे एक उभी. उभ्या चिरेत पटाशी घालून जरा उचकटल्यावर साल चर्रर्र करत सुटायला लागली, ओली, आतून पांढुरकी, हाताला बुळबुळीत. खालचं लाकूड मलईच्या रंगाचं होतं आणि ते आमच्या डोळ्यांदेखत तपकिरी पडत गेलं. ओल्या पापुद्र्याची बारीक पट्टीसुद्धा राहिली तर झाड तिच्यातून सालीचा पूल बांधतं, म्हणून तारेच्या ब्रशने तो सगळा भाग कोरडा होईपर्यंत घासला. खोडाला जिथे खाचा होत्या तिथे पटाशीचं टोक घालून घालून साफ केलं. हेच काम सगळ्यांत किचकट निघालं.

कोणतंही औषध वापरलं नाही. दुकानदाराने तणनाशक लावायचा सल्ला दिला होता आणि पिचकारीवर ते वापरतातही, कारण नुसती साल काढून हे झाड सहजी मरत नाही. पण विहीर जवळ होती आणि ज्या लाकडात किडे यावेत, पक्ष्यांनी ते खावेत, त्यात विष भरायचं मला मान्य नव्हतं.

औषध नाही म्हटल्यावर हातांनी राबावं लागतं. राखलेल्या तीन फांद्या पावसाळाभर हिरव्यागार होत्या, जणू काही झालंच नाही. चकतीची वरची कड मात्र फुगायला लागली, खाली न जाणारी साखर तिथे साचत होती. एका जागी ती कड खाली लोंबायला लागली होती, ती पुन्हा तासली. आणि चकतीच्या खालून, मुळांतून, विहिरीच्या कट्ट्याजवळून फुटवे. दर रविवारी सकाळी चहा झाला की मी आणि मुलगी फुटवे काढायला बसायचो. कोवळे असतानाच, कोयत्याने न कापता, मुळाशी धरून खुडून काढायचे. कापले की एकाचे चार होतात. प्रत्येक फुटवा मुळांतला साठा घेऊनच वर येतो, त्याची पानं उलगडायच्या आत तो खुडला तर साठा फुकट जातो. थंडीत फुटवे बारीक झाले, पुढच्या उन्हाळ्यात वरची पानं पिवळी पडून गळली ती गळलीच. तरीही दुसऱ्या पावसाळ्यात मुळांनी एकदा जोर केला. त्यानंतर नाही.

झाड मेल्यावर त्याच्याकडे इतकी वर्दळ सुरू होईल, असं मला वाटलं नव्हतं. सुरुवात किड्यांनी केली. खोडाच्या बुडाशी पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. पावसात चकतीच्या वर लहान पांढरी पंख्याच्या आकाराची अळंबी रांगेने उगवली, फाटक्या शेंड्यात तर जाड थर धरला. साल सुटायला लागली तेव्हा तिच्या खाली पाली, एक सापसुरळी, गोम, असंख्य बारीक कोळी. काळ्या भुंग्यांनी एका वाळक्या थोटकात अगदी गोल भोकं पाडली. ते फुलं सोडून लाकडाकडे घर करायला येतात, हे मुलीला तेव्हा प्रत्यक्ष दाखवता आलं. हेच भुंगे आता आमच्या भोपळ्याच्या, दोडक्याच्या फुलांवर असतात. सोनपाठी सुतार येऊन सालीचे तुकडे उडवून किडे खाऊन गेला. शेंड्यावर कधी कोतवाल, कधी वेडा राघू, एकदा खंड्या. पानं नसल्याने त्यांना चारी बाजूंचं दिसतं, तिथून उडून किडा पकडतात आणि पुन्हा तिथेच येऊन बसतात.

वाळवी आली. ती येणार हे गृहीतच होतं. शेजारच्या काकांना तिची काळजी वाटली आणि ती रास्त होती. आम्ही झाडापासून घरापर्यंत लाकूडफाटा, पालापाचोळा काहीही पडू दिला नाही आणि पावसाळ्यात घराच्या जोत्याला मातीच्या नळ्या चढताहेत का ते नेमाने बघत राहिलो. काकांच्या भिंतीचीही पाहणी करत राहिलो. आजवर काही सापडलेलं नाही.

तांबट लगेच आला नाही. पहिल्या हिवाळ्यात यायचा, थोटकांवर ठोकून बघायचा आणि निघून जायचा. लाकूड अजून पुरेसं मऊ झालं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी, थंडी सरताना, पूर्वेकडच्या थोटकाच्या पोटाला एक ओरखडा दिसला. मग रोज सकाळी ठोकण्याचा आवाज. जोडी पाळीपाळीने काम करायची. एक आत डोकं घालून कोरायचा, चोचीत भुसा धरून मागे सरायचा, डोकं झटकून भुसा उडवायचा आणि पुन्हा आत. पहिल्यांदा फक्त चोच आत जायची, मग डोकं, मग खांदे, आणि एका सकाळी आख्खा पक्षी आत गेला आणि फक्त भुसाच बाहेर येत राहिला. भोक जेमतेम दीड इंचाचं. सासूबाईंची खुर्ची तेव्हापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आहे. पिल्लांचा आवाज पहिल्यांदा त्यांनाच ऐकू आला.

त्या भोकावर नंतर साळुंक्यांनी हक्क सांगितला, पण ते त्यांना अरुंद पडलं. विणीनंतर तांबट निघून गेल्यावर रानचिमणी तिथे पिसं, गवत नेताना दिसली. पिंगळा मात्र अजून आलेला नाही. त्याला रुंद ढोली लागते, आणि ती व्हायला खोड अजून बरंच कुजायला हवं.

हे वाचून कुणी परसातला आंबा, जांभूळ, पांगारा वाळवायला निघू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जिवंत देशी झाड हे कोणत्याही वाळक्या खोडापेक्षा मोलाचं, त्याची एखादी फांदी आपोआप वाळते तेवढी राखली तरी पुष्कळ. काढावंच लागणार आहे असं परकं झाड असेल, आसपास पुरेशी मोकळी जागा असेल आणि फुटवे खुडायची चिकाटी असेल, तरच या वाटेला जावं. रस्त्याकडेला, पार्किंगवर, विजेच्या तारांजवळ तर नाहीच नाही.

दर वर्षी मे महिन्यात मामा येऊन खोड बुडापासून वरपर्यंत हातोडीने ठोकून बघतात. यंदा पश्चिमेकडचं थोटकं पोकळ वाजलं, ते त्यांनी उतरवलं आणि आम्ही ते भोकराच्या बुडाशी आडवं टाकून ठेवलं. चहा पिताना ते सांगत होते की आता दुसरीकडे वाळली फांदी काढायला गेलं की ते आधी खालून भोक आहे का बघतात. गेल्या महिन्यात एका ठिकाणी भोक दिसलं, तर त्यांनी मालकाला समजावून ती फांदी पावसापर्यंत तशीच ठेवली आणि मजुरी अर्धीच घेतली.